बुळकांडीची मोजदाद

गाईबैलांना आणि म्हशींना होणाऱ्या बुळकांडी या रोगाचा इतिहास बहुधा लसीचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि २०११ मध्ये हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याची अधिकृत घोषणा झाल्यापासून तर या लिखाणाला विजयगाथेचे वळण लागले आहे. भारतापुरते पाहिले, तर मात्र उपयोगी पडणारी लस हाताशी आल्यानंतरही रोग सहा दशकांहून अधिक काळ टिकून राहिला, आणि तो किती आहे, कोठे आहे, हे शोधण्याची रीत मुळापासून बदलली तेव्हाच त्याचा शेवट दृष्टिपथात आला. मेलेली गुरे मोजणे, आजारी गुरे मोजणे, टोचलेली गुरे मोजणे आणि अखेरीस रोगाने अंगात मागे ठेवलेली खूण मोजणे अशा चार पायऱ्यांनी ही मोजदाद पुढे सरकली, आणि प्रत्येक पायरीवर मोजणाऱ्याने आधीच्या मोजणीतली फसगत उघडी पाडली.

ही फसगत समजण्यासाठी रोगाचा स्वभाव आधी ध्यानात घ्यावा लागतो. बुळकांडीचा विषाणू माणसाच्या गोवराच्या आणि कुत्र्यांच्या डिस्टेंपरच्या विषाणूंच्या कुळातला. निरोगी जनावर आजारी जनावराच्या निकट सान्निध्यात आले, की साधारण एक-दोन आठवड्यांत त्याला तीव्र ताप येतो, रवंथ थांबते, डोळ्यांतून व नाकातून स्राव वाहू लागतो, हिरड्यांवर आणि जिभेखाली कोंडा शिंपडल्यासारखे चट्टे उठतात आणि मग दुर्गंधीयुक्त हगवण लागून जनावर काही दिवसांत कोसळते. ज्या कळपाने हा रोग पूर्वी पाहिलेला नाही तेथे दहातली आठ-नऊ गुरे मरू शकत. जी वाचत त्यांना मात्र जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळे आणि ती पुढे विषाणूची वाहक राहत नसत. म्हणजे एका जनावरातला रोगाचा मुक्काम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. एखाद्या ठरावीक दिवशी एकूण गुरांपैकी किती बाधित आहेत या मापाला व्याप्तिप्रमाण म्हणावे, आणि वर्षभरात किती गुरांना नव्याने बाधा झाली या मापाला नवबाधाप्रमाण म्हणावे, तर बुळकांडीत ही दोन मापे एकमेकांपासून फार दूर पडतात. क्षयासारख्या रेंगाळणाऱ्या रोगात कोणत्याही दिवशी पाहणी केली तरी रुग्ण सापडतात. बुळकांडीत वर्षाकाठी गावेच्या गावे उजाड होऊनही, एखाद्या सामान्य दिवशी जिल्हाभर फिरणाऱ्या पाहणीदाराला एकही आजारी बैल दिसू नये, हे अगदी शक्य होते. हा रोग एका जागी टिकत नसे. तो सतत चालत असे, आणि त्यामुळे त्याला मोजणारा नेहमी त्याच्या मागे एक मुक्काम राही.

युरोपात या रोगाने मोजणीच्या विचाराला फार लवकर चालना दिली. १७११ पासूनच्या इटलीतील साथीत पोपचे वैद्य जोव्हान्नी मारिया लान्चिसी यांनी औषधोपचाराचा नाद सोडून बाधित गुरे मारण्याचा व गुरांच्या हालचालीवर कडक बंदी घालण्याचा मार्ग सुचवला, आणि पुढे १७६०च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समधील लियाँ येथे पहिली पशुवैद्यकशाळा निघण्यामागेही याच रोगाची भीती होती. इंग्लंडात १८६५ मध्ये साथ शिरली तेव्हा जन्ममृत्यूंच्या नोंदणी खात्यातील संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी फेब्रुवारी १८६६ मध्ये वृत्तपत्राला पत्र लिहून असे मांडले, की दर महिन्याच्या बाधित गुरांची संख्या वाढत असली तरी वाढीचा वेग घटतो आहे, आणि म्हणून साथ लवकरच शिखर गाठून उतरू लागेल. संसदेत गुरांच्या सर्वनाशाची भाषा चालू असताना केलेले हे भाकीत तपशिलात नाही तरी दिशेने खरे ठरले. त्याच महिन्यात संमत झालेल्या कत्तलीच्या कायद्याचा त्यात वाटा किती आणि रोगाच्या अंगच्या गतीचा किती, हा वाद मात्र फार यांच्या आकड्यांनी मिटण्यासारखा नव्हता.

फार यांच्याजवळ जे होते ते भारतात नव्हते, आणि ते म्हणजे दर आठवड्याला येणारे बरेवाईट आकडे. ब्रिटिश सरकारने भारतातील गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी जे. एच. बी. हॅलन या लष्करी पशुवैद्याच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८७१ मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध झाला. इंग्लंडात नुकताच धुमाकूळ घालून गेलेला रोग आणि हिंदुस्थानात गुरे मारणारा रोग एकच आहे काय, हा त्या काळचा खरा प्रश्न होता. तो तोच आहे आणि देशात दूरवर पसरलेला आहे, हे आयोगाने निःसंदिग्धपणे नोंदवले. आकड्यांच्या बाबतीत मात्र आयोगाला अंदाजांवरच विसंबावे लागले. एका मुलखात बुळकांडी म्हणून ओळखला जाणारा आजार दुसऱ्या मुलखात वेगळ्याच नावाने चाले, आणि उलटपक्षी एका नावाखाली लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि फाशी असे परस्परांशी संबंध नसलेले रोग गोळा होत. फाशीने जनावर काही तासांत मरते, घटसर्पाने दिवस-दोन दिवसांत, आणि लाळ्या-खुरकुताने मोठे जनावर सहसा मरतच नाही; या सर्वांची बेरीज ‘गुरांचा आजार’ या एका रकान्यात घातली, तर तिच्यातून कोणत्या रोगाविषयी काय कळावे? दख्खनमध्ये साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत गावच्या शिवेपार पोचवण्याची रीत होती, आणि तिच्यातून रोग गावोगाव चालत येतो ही लोकांची पक्की जाणीव दिसते. सरकारी तक्त्यात मात्र या चालीची दिशा दाखवणारा रकाना नव्हता.

मेलेली गुरे मोजण्यात आणखी एक अडचण होती आणि ती सामाजिक होती. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महाराष्ट्राच्या गावगाड्यात महारांवर लादलेले होते, कातडे कमावण्याचे काम ढोर-चांभारांकडे होते, आणि उत्तरेत ही दोन्ही कामे मुख्यतः चमार जातीकडे होती. आतडी, फुप्फुसे, प्लीहा यांची अवस्था वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिलेली आणि कोणत्या महिन्यात कोणत्या गावाकडून किती कातडी आली हे ठाऊक असलेली हीच माणसे होती. रोगाचा हिशेब विचारायचा तर आधी त्यांच्याकडे जायला हवे होते. घडले ते उलटे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आझमगडसारख्या उत्तरेकडील जिल्ह्यांत एकाएकी गुरे मरू लागली की कातड्याच्या लोभाने चमारांनी सोमल घातला असा संशय प्रशासन घेई, आणि त्यावरून तपास व खटले चालत. विषप्रयोगाची काही प्रकरणे घडलीही असतील, परंतु साथीने मेलेल्या गुरांचा मोठा भाग या काळात रोगाच्या खात्यावर न पडता गुन्ह्याच्या खात्यावर पडला असावा, असे आज मागे वळून पाहताना वाटते. ज्यांची साक्ष हवी होती त्यांनाच आरोपी केल्यावर मोजणी खरी कशी व्हावी?

साम्राज्याच्या दृष्टीने बैलाआधी घोडा महत्त्वाचा होता, हेही विसरता येत नाही. घोड्यांच्या शेंबा या सांसर्गिक रोगासाठी १८७९ मध्ये आणि पुन्हा १८९९ मध्ये कायदे झाले, कारण घोडा लष्कराचा होता. शेतकऱ्याच्या गुरांसाठी तितका काटेकोर कायदा फार उशिरापर्यंत नव्हता. तरीही नांगर आणि मोट ओढणारा बैल मेला की शेतसाराही बुडतो, ही गोष्ट दुष्काळांनी सरकारच्या गळी उतरवली होती. मुंबईत १८८४ मध्ये दिनशा माणेकजी पेटीट यांच्या देणगीतून परळला जनावरांचे रुग्णालय उघडले आणि त्याला जोडून १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. पुढे ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. हीच संस्था आज इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, आणि तिचा जन्म पुण्यातला आहे हे पुण्यातही फारसे कोणाला आठवत नाही. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. गजबजलेल्या शहराच्या कुशीत बुळकांडीसारख्या रोगाचे जिवंत रक्त हाताळणे धोक्याचे असल्याने १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँमधील मुक्तेश्वरच्या निर्जन डोंगरावर हलवण्यात आली. मुंबईतील प्लेगच्या चौकशीसाठी १८९७ मध्ये भारतात आलेले जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख तेथे जाऊन आले. त्याच्या थोडे आधी दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला त्यांनी बाधित जनावराचे पित्त टोचून संरक्षण देण्याचा प्रयोग केलेला होता. मुक्तेश्वरला १८९९ पासून रक्तजल तयार होऊ लागले. रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पिवळसर द्रवाला रक्तजल म्हणतात, आणि रोगातून वाचलेल्या जनावराच्या रक्तजलात रोगाशी लढणारी जी द्रव्ये असतात त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. हे रक्तजल टोचले की जनावराला काही दिवसांचे उसने संरक्षण मिळे, एवढाच त्याचा त्या वेळचा उपयोग होता. शंभर वर्षांनी मोजणीची सारी मदार याच द्रवावर येणार होती.

रक्तजल वाटण्यासाठी मुलकी पशुवैद्यक खात्याचे पशुवैद्य जिल्ह्याजिल्ह्यांत आले, आणि त्यांच्याबरोबर आजारी गुरांची नोंद आली. पाटलाने तालुक्याला कळवायचे, तालुक्याने जिल्ह्याला, आणि जिल्ह्याने पशुवैद्याला धाडायचे, ही साखळी कागदावर चोख होती. व्यवहारात बातमी पोचेपर्यंत आणि पशुवैद्य घोड्यावरून किंवा टांग्याने गावी येईपर्यंत रोग पुढच्या गावी गेलेला असे. या नोंदींचे वर्षावर्षांचे तक्ते वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. जेथे पशुवैद्य अधिक तेथे रोगही अधिक नोंदला जातो; दुर्गम तालुक्याच्या नावापुढचे शून्य रोगाच्या अभावाचे असेलच असे नाही, ते नोंदणाऱ्याच्या अभावाचेही असते. त्यामुळे खात्याचा पसारा वाढत गेला त्या काळात वाढलेले आकडे रोगाची वाढ दाखवतात की नजरेची, हे एकट्या तक्त्यावरून ठरवता येत नाही. भागाकाराला लागणारा छेदही बराच काळ नव्हता, कारण देशातील गुरे किती हे मोजणारी पहिली अखिल भारतीय पशुगणना १९१९-२० मध्ये झाली. त्याआधीच्या अर्धशतकात अमुक हजार गुरे मेली असे सांगता येई. किती हजारांपैकी, हे सांगता येत नसे.

मोजणीतली ही ढिलाई देशाबाहेरही महाग पडली. १८८०च्या दशकाच्या अखेरीस इटालियन फौजेसाठी मसावा बंदरात उतरवलेल्या गुरांबरोबर रोग आफ्रिकेत शिरला, आणि ती गुरे भारतातून गेली होती असे सर्वसाधारणपणे मानले जाते; पुढच्या दहा वर्षांत तो खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचला आणि इथिओपियापासून मसाई मुलखापर्यंत गुरांवर जगणाऱ्या समाजांचा कणा त्याने मोडला. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरे वाटेत बेल्जियममधील अँटवर्प बंदरात थांबली आणि तेथे रोगाने पेट घेतला. या धक्क्यातून १९२१ मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी जनावरांच्या साथींची खबर एकमेकांना देणारे आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापन केले, जे आज जागतिक पशुआरोग्य संघटना या नावाने चालते. ही संस्था उपचारासाठी निघालेली नव्हती. कोणत्या देशात कोणता रोग किती आहे हे प्रामाणिकपणे कळवावे, एवढीच तिची मूळ अट होती, आणि व्यापार बुडण्याच्या भीतीपोटी नेमकी तीच पाळणे सर्वांत अवघड होते.

मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२०च्या दशकात रोगाचा विषाणू शेळ्यांमध्ये एकीतून दुसरीत असा पुनःपुन्हा वाढवत नेला आणि गाईबैलांपुरता तो सौम्य झाल्याचे त्यांना आढळले. या शेळी-विषाणूपासून बनवलेली लस स्वस्त होती, टिकाऊ प्रतिकारशक्ती देत होती, आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षे भारताने मुख्यतः तिच्यावरच भिस्त ठेवली, जरी डोंगराळ भागातील गुरांना आणि विदेशी रक्ताच्या संकरित जनावरांना ती जड जाई. स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये, राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम आखला गेला. त्या वेळच्या सरकारी अंदाजाप्रमाणे देशात वर्षाला सुमारे ८,००० उद्रेक होत, चार लाख गुरे बाधित होत आणि त्यांतली दोन लाख मरत. इतके गोल आकडे मोजून आलेले नसतात, पण रोगाच्या अवाढव्यपणाची कल्पना देण्यास ते पुरेसे होते. पाच वर्षांत ८० टक्के गुरांना लस टोचायची आणि मग उरलेल्यांना व दरवर्षी जन्मणाऱ्या वासरांना टोचत राहायचे, अशी योजना होती. तिचा परिणाम खरोखर मोठा झाला आणि १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत उद्रेकांची नोंद हजारांवरून शेकड्यांवर आली.

तेथेच ती अडकली. या काळात खात्याने मोजायची वस्तूच बदलून टाकली होती. तालुक्याच्या पशुवैद्याला वरून विचारले जाई ते किती जनावरे टोचली हे, आणि त्या आकड्याच्या उद्दिष्टपूर्तीवर त्याची वाखाणणी होई; रोग किती उरला हा प्रश्न मागे पडला. सहज हाती लागणारी गुरे दरवर्षी पुन्हा पुन्हा टोचली जात, आणि बाजारासाठी दोन-चार राज्यांतून हिंडणारी, रानात चरणारी, ऊसतोडीला किंवा वाहतुकीला जुंपलेली गुरे सुटत; अशा रीतीने गाठलेले ८० टक्के आणि समान विखुरलेले ८० टक्के यांत रोगाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. शिवाय टोचणीचे उद्दिष्ट पूर्ण झालेल्या तालुक्यात उद्रेक कळवणे म्हणजे आपलेच कागद खोटे पाडणे होते. कार्यक्रम जितका यशस्वी दिसू लागला तितकी रोगाची खबर देणे गैरसोयीचे झाले. या अवस्थेत देशाने जवळजवळ पाव शतक घालवले, आणि दक्षिण द्वीपकल्पातील राज्यांत रोग धुमसत राहिला.

दक्षिणेत तो का धुमसतो याचे एक स्पष्टीकरण त्या काळी मेंढ्या-शेळ्यांकडे बोट दाखवत असे. तेथे मेंढ्या-शेळ्यांत बुळकांडीसारखीच लक्षणे असलेल्या साथी येत, त्या बुळकांडीच्या खात्यावर मांडल्या जात, आणि मग विषाणू लहान जनावरांत दबा धरून बसतो असा निष्कर्ष निघे. १९८७ मध्ये तमिळनाडूतील अरसूर गावच्या मेंढ्यांमधील साथीचा विषाणू बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एम. एस. शैला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला, तेव्हा तो बुळकांडीचा नसून पीपीआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मेंढ्या-शेळ्यांच्या वेगळ्याच रोगाचा असल्याचे निघाले. हा रोग १९४२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये प्रथम वर्णिला गेला होता आणि भारतात तो असल्याची कोणाला कल्पना नव्हती. दोन सख्ख्या विषाणूंना एकाच नावाखाली मोजल्यामुळे किती वर्षांच्या तक्त्यांत किती मेंढ्यांचे मृत्यू चुकीच्या रकान्यात गेले, हे आता सोडवून काढता येणार नाही. या शोधाचा व्यावहारिक लाभ मात्र ताबडतोब झाला. मेंढ्या-शेळ्यांना बुळकांडीचा कायमचा साठा मानण्याचा आधार डळमळला, आणि रोग गुरांमध्येच, गुरांच्या बाजारवाटांवर शोधायचा आहे हे स्पष्ट झाले. दोन रोगांची प्रतिपिंडे वेगळी ओळखणारी एलायझा नावाची चाचणी याच सुमारास प्रयोगशाळांत रुळू लागली. तिच्यात रक्तजलाचे काही थेंब प्लास्टिकच्या तबकडीतील खळग्यांत टाकले की रंगाच्या गडद-फिकेपणावरून प्रतिपिंडे आहेत की नाहीत हे ठरते, आणि एका दिवसात शेकडो नमुने पाहता येतात.

युरोपीय समुदायाच्या साहाय्याने १९९२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन प्रकल्पाचे वेगळेपण या चाचणीत जितके होते, त्याहून अधिक तिच्या वापरामागच्या तर्कात होते. आरंभी ती लस कितपत लागू पडली हे पाहण्यासाठी वापरली गेली, म्हणजे टोचल्याच्या आकड्याऐवजी टोचलेल्यांपैकी कितींच्या रक्तात प्रतिपिंडे दिसतात हा आकडा आला, आणि कागदावरचे लसीकरण व अंगातले लसीकरण यांतली दरी प्रथमच उघड झाली. पुढचा टप्पा अधिक धाडसाचा होता. प्रतिपिंडे रोगाची आहेत की लसीची, हे बुळकांडीत चाचणीला ओळखता येत नाही. त्यामुळे जोवर लस टोचली जाते तोवर रोग नाही हे सिद्ध करण्याचा मार्गच बंद राहतो. रोग संपल्याचे दाखवायचे तर लस थांबवावी लागते, आणि रोग खरोखर संपलेला नसेल तर लस थांबवणे म्हणजे संरक्षण गेलेल्या कोट्यवधी गुरांपुढे त्याला मोकळे रान देणे होते. चाळीस वर्षे टोचणीवर वाढलेल्या खात्याला हा निर्णय किती अंगावर आला असेल याची कल्पना करता येते. तमिळनाडूत १९९५ मध्ये शेवटचा उद्रेक झाला, आणि त्यानंतर विभागाविभागाने लस बंद करत २००० च्या सुमारास ती देशभर थांबली.

आता मोजायचे होते ते शून्य, आणि शून्य मोजण्याचे गणित वेगळे असते. एखाद्या राज्यातील शंभरातील एका गावात जरी रोग लपलेला असेल तरी तो सापडावा, अशी अट घातली आणि चिठ्ठ्या टाकून १०० गावे निवडली, तर ती सर्वच्या सर्व निरोगी निघून रोग नजरेतून सुटण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास राहते. ३०० गावे निवडली की तीच शक्यता ५ टक्क्यांखाली उतरते. गंमत अशी, की राज्यात गावे दहा हजार असोत की महाराष्ट्रासारखी चाळीस हजारांहून अधिक, हा ३०० चा आकडा जवळजवळ बदलत नाही. निवडलेल्या गावात रोग फिरून गेला असेल तर निदान पाचातल्या एका कोवळ्या जनावरात त्याची खूण असणार असे धरले, तर चौदा-पंधरा नमुने पुरतात. मात्र ही जनावरे लस बंद झाल्यानंतर जन्मलेली हवीत आणि वर्ष ओलांडलेली हवीत, कारण त्याआधी वासराच्या रक्तात आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडे असू शकतात. वय ठरवायला जन्मदाखला नसतो. तेथे जबडा उघडून दात पाहण्याची शेतकऱ्याची जुनी विद्याच कामाला आली, आणि आदत, दोनदाती, चारदाती ही बैलबाजारातली प्रतवारी सांख्यिकीच्या तक्त्यात जाऊन बसली. चाचणी हजारात पाच वेळा चुकत असेल तरी दहा हजार निरोगी नमुन्यांत पन्नास खोट्या खुणा उमटतात. अशा प्रत्येक जनावराच्या गावी परत जाऊन त्याचा इतिहास विचारणे, पुन्हा रक्त घेणे आणि शेजारचे गोठे तपासणे हे या कामातले खरे कष्ट होते, आणि अहवालात त्यांना एखादी ओळच मिळते. रक्ताच्या जोडीला गावोगाव, बाजारवाटांवर आणि आठवडी बाजारांत डोळ्यांनी शोध चाले, व पशुपालकांना जुन्या आजारांविषयी विचारले जाई.

आफ्रिकेच्या शिंगाच्या प्रदेशात तर ही विचारपूस स्वतंत्र शास्त्र बनली. सोमाली आणि इतर भटक्या पशुपालकांच्या मुलखात चिठ्ठ्या टाकून गावे निवडणे शक्य नव्हते, म्हणून जाणत्या गुराख्यांना आजारांची लक्षणे, ऋतू आणि मृत्यूंची तुलना खडे मांडून करायला सांगून त्यावरून रोगाची व्याप्ती ताडण्याची पद्धत १९९०च्या दशकात तेथे घडवण्यात आली, आणि रोगाचे अखेरचे आश्रय शोधण्यात तिचा मोठा उपयोग झाला. गुरांना रोज पाहणाऱ्याचे ज्ञान हे मोजणीचे साधन आहे, ही गोष्ट शास्त्राने अधिकृतपणे मान्य करायला १८७१ नंतर सव्वाशे वर्षे लागली. जगातील शेवटची ज्ञात बाधा २००१ मध्ये केनियातील मेरू राष्ट्रीय उद्यानाच्या रानम्हशींत आढळली.

भारताला रोगमुक्तीची मान्यता २००४ मध्ये आणि संसर्गमुक्तीची मान्यता २००६ मध्ये मिळाली. रोगमुक्ती म्हणजे आजारी जनावर न दिसणे, आणि संसर्गमुक्ती म्हणजे विषाणूची खूणही रक्तात न सापडणे. या दोन वर्षांतला फरक वर सांगितलेल्या मोजणीचाच फरक आहे. मे २०११ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने आणि जूनमध्ये अन्न व कृषी संघटनेने बुळकांडी जगातून गेल्याचे जाहीर केले. देवीनंतर माणसाने समूळ नाहीसा केलेला हा दुसराच रोग.

या मोजदादीतून घडलेली यंत्रणा मागे राहिली. साथींच्या अभ्यासासाठी १९८७ मध्ये सुरू झालेल्या समन्वित प्रकल्पातून बंगळूरची जी संस्था वाढली तिचे आजचे नाव राष्ट्रीय पशुरोग परिस्थितिविज्ञान व रोगसूचनाशास्त्र संस्था असे आहे, आणि प्रमुख पशुरोगांची जिल्हावार जोखीम आगाऊ वर्तवण्याचे काम ती करते. लाळ्या-खुरकुताच्या लसीतून विषाणूची काही प्रथिने गाळून टाकली जातात, त्यामुळे त्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात दिसली तर जनावराला खरी बाधा होऊन गेली असे मानता येते, आणि बुळकांडीत जो पेच लस थांबवल्याशिवाय सुटला नव्हता तो येथे लस चालू असतानाच बऱ्याच अंशी सुटतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात कानात बारा अंकी बिल्ला मारून प्रत्येक जनावराची वेगळी नोंद ठेवण्याचा प्रयत्न आहे, म्हणजे छेदही आता जनावरागणिक बांधला जातो आहे. पीपीआरच्या बाबतीत अशी सोय नाही. त्या रोगाची मुक्तेश्वरलाच तयार झालेली लस प्रभावी आहे, परंतु तिची प्रतिपिंडे रोगाच्या प्रतिपिंडांपासून वेगळी काढता येत नाहीत. २०२२ मध्ये गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रात पसरलेल्या लम्पी त्वचारोगातही शेळ्यांच्या देवीची लस गुरांना घाईने टोचावी लागली, आणि त्यानंतर घेतलेल्या रक्तनमुन्यांत दिसणारी प्रतिपिंडे टोचणीची किती आणि रोगाची किती, हा प्रश्न पाहणी करणाऱ्यांपुढे पुन्हा उभा राहिला.